राजी, राजीनामा, राजीखुशी : होकाराच्या शब्दांविषयी

दापोडीला रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर एका विहारात रविवारी संध्याकाळी आमचा अभ्यासवर्ग भरतो. वर्ग म्हणजे एक सतरंजी, एक फळा आणि येतील ती माणसे. कॉलेजची मुले, एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले दोघे-तिघे, चाकणला कंत्राटावर जाणारे तरुण, आणि नातवाचा हात धरून येणाऱ्या एक आजी. गेल्या पावसाळ्यात त्यांतल्या एका तरुणाने खिशातून चार घड्यांचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कंत्राटदाराने सहीसाठी दिलेला छापील मजकूर होता. सुरुवात अशी : ‘मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देतो की...’ आणि पुढे ओळीने सगळे. सांगतील तेवढे तास काम करीन, जादा कामाबद्दल तक्रार करणार नाही, काम थांबवले तर कसलाही हक्क सांगणार नाही. त्याने विचारले, “सर, ही माझी संमती म्हणायची, का कबुली?”

मी म्हणालो, “एकच. अर्थ सारखाच.”

घरी जाताना माझे मलाच हे उत्तर टोचू लागले. शब्द सारखे असते तर भाषेने इतके जपून ठेवले नसते. मराठीत नुसत्या ‘हो’ म्हणण्यासाठी किती शब्द आहेत पाहा : होकार, रुकार, संमती, सहमती, अनुमती, मान्यता, मंजुरी, कबुली, करार, ठराव, एकमत, समेट, तडजोड. ह्या गर्दीत आपला माणूस कोणत्या शब्दापाशी उभा केला गेला आहे, हे एकदा नीट पाहायला हवे असे वाटले. पुढचे चार रविवार आम्ही त्यावरच घालवले. हा लेख म्हणजे त्या चर्चेचा गोषवारा आहे. त्यात मी माझीही मते मिसळली आहेत.

प्रथम त्या कागदावरचाच शब्द घेऊ. ‘राजी’ हा अरबीतून आलेला. राजी म्हणजे संतुष्ट, प्रसन्न. ‘नामा’ म्हणजे लेख, हा फारसी. तेव्हा ‘राजीनामा’ म्हणजे राजी असल्याचा लेख. उर्दू-हिंदीच्या कचेऱ्यांत वादी-प्रतिवादींच्या समेटाच्या कागदाला राजीनामाच म्हणतात. मराठीत मात्र राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचे पत्र. समेटाचा शब्द सोडण्याचा कसा झाला? मला ह्याचा माग जमीनमहसुलाच्या दप्तरात दिसतो. मुंबई इलाख्यात जमीन सोडणाऱ्याने सरकारला ‘राजीनामा’ लिहून द्यायचा आणि ती नव्याने घेणाऱ्याने ‘कबुलायत’ लिहून द्यायची, अशी पद्धत होती. जमीन सोडणारा राजी असतो का? कधी दुष्काळाने, कधी सावकाराने, कधी साऱ्याने त्याला उठवलेले असते. पण कागद म्हणतो, तो राजी आहे. असे किती कागद झाले असतील तेव्हा ‘राजी’चा अर्थ झिजत झिजत ‘गेला एकदाचा’ इतकाच उरला असेल! भाषा खोटे फार दिवस सांभाळत नाही. ज्या शब्दावर रोज खोटे लादले जाते, तो शब्द शेवटी खरे बोलून टाकतो.

हे जुनेच आहे. पेशवाईच्या काळातल्या खतपत्रांतून ‘आत्मसंतोषे लिहून दिले’ हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. वतन विकणारा आत्मसंतोषे विकतो, कर्जदार आत्मसंतोषे गहाण टाकतो. ज्याला खरोखर संतोष झाला आहे त्याने तो लिहून का द्यावा? बाजारात मेथीची जुडी घेताना कोणी आत्मसंतोषाचा कागद करत नाही. माझा आडाखा असा की, कागदावर खुशीची जितकी अधिक ग्वाही, तितकी त्या खोलीत खुशी कमी. ह्याच पट्ट्यात मी ‘स्वेच्छानिवृत्ती’ नावाचा शब्द घराघरांत शिरताना पाहिला आहे. माझ्या चुलत्यांनी घेतली. कोणत्या कारखान्यात, ते सांगण्यात अर्थ नाही, कारण ती पद्धत एकाच कारखान्याची नव्हती. खात्यातली यंत्रे आधी हलवली, मग खाते बंद होणार असे सांगितले, मग ‘स्वेच्छे’चा अर्ज पुढे केला. चुलते म्हणत, “इच्छा त्यांची, ‘स्व’ तेवढा माझा.”

कायद्याला हे कळत नाही असे नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात संमतीची व्याख्या आहे : दोन माणसांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मानली, तर ती संमती. आणि ती मुक्त केव्हा? जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, कपट, खोटी माहिती व चूक ह्यांपैकी कशामुळेही ती मिळवलेली नसेल तेव्हा. व्याख्या चांगली आहे. ‘एकाच अर्थाने’ हे शब्द तर मला फार मोलाचे वाटतात. पण त्या पाच कारणांच्या यादीत भूक नाही. उद्या चूल पेटणार नाही म्हणून सही करणाऱ्याची संमती ह्या हिशेबाने मुक्तच ठरू शकते. आमच्या तरुणाच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

आता ‘संमती’. सम् आणि मन्, बरोबरीने मानणे. ह्या शब्दाला मराठी सार्वजनिक जीवनात मोठे स्थान मिळाले ते एका मुलीच्या शरीरावरून. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या शरीरसंबंधाचे किमान वय १० वरून १२ वर नेले आणि पुण्यात केवढा गदारोळ उठला. टिळक विरोधात होते. पण वादाचे कागद चाळले की ध्यानात येते, की त्यांत शास्त्री आहेत, सुधारक आहेत, सरकार आहे. जिची संमती, ती कुठेही नाही. तिचे वय मोजले, तिला विचारले नाही. त्याआधी चार वर्षे, १८८७ साली, रखमाबाईंनी हे कोर्टासमोर उघड केले होते. अकराव्या वर्षी आपल्या संमतीवाचून झालेले लग्न आपण मानत नाही, असे सांगून त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. ‘संमती’ ह्या शब्दाचा खरा अर्थ त्या काळी कोणा पंडिताने सांगितला नसेल तो सुतार समाजातल्या ह्या बाईंनी सांगितला.

शब्दांना दिशा असते, हे वर्गातल्या एका विद्यार्थिनीने प्रथम बोलून दाखवले. फळ्यावर तिने बाण काढले. अनुमती, परवानगी, मंजुरी, मान्यता हे वरून खाली येतात. साहेब मंजुरी देतो, शिपाई देत नाही. कबुली खालून वर जाते. म्हणून तर ‘कबुली’ म्हणजे होकार आणि ‘कबुली’ म्हणजे गुन्हा पत्करणे, दोन्ही. पोलीसचौकीत घेतात तो कबुलीजबाबच. अरबीत ‘कबूल’ म्हणजे साधे स्वीकारणे, ते मराठीत येऊन अर्धे आरोपी झाले. आडवा जाणारा बाण फार थोड्या शब्दांना आहे : सहमती, एकमत, आणि काही अंशी करार. ‘करार’ शब्दाचा मूळ अर्थ स्थिरता, थांबणे. आपला ‘ठराव’ही ‘ठरणे’तूनच आला. दोन्ही शब्दांत एक वाहती गोष्ट थांबलेली आहे. कोणी थांबवली, हे शब्द सांगत नाही.

ह्या ठिकाणी येरवड्याची आठवण टाळता येत नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या कागदाला आपण ‘पुणे करार’ म्हणतो. स्वतंत्र मतदारसंघ मिळालेले होते. २० तारखेला गांधीजींचे प्राणांतिक उपोषण सुरू झाले. चार दिवसांनी बाबासाहेबांनी सही केली. स्वतंत्र मतदारसंघ गेले, प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा संयुक्त मतदारसंघांतून आल्या. बाबासाहेबांनी पुढे ह्या कराराविषयी जे लिहिले ते वाचल्यावर ही ‘सहमती’ होती असे म्हणण्याचे धाडस होत नाही. मग काय होती? एका बाजूला एका माणसाचे प्राण, आणि ते गेले असते तर गावोगावच्या आपल्या वस्त्यांचे काय झाले असते ही भीती. दुसऱ्या बाजूला राजकीय हक्क. अशा तराजूतून निघालेल्या होकाराला मराठीत नेमका शब्द नाही. ‘नाइलाज’ म्हणावे तर त्यात सही करणाऱ्याची जबाबदारीची जाणीव हरवते, आणि ‘संमती’ म्हणावे तर दडपण हरवते. हा शब्द अजून घडायचा आहे.

‘मंजूर’ आणि ‘मान्य’ ह्यांतले अंतर तर आपण शब्दकोशाशिवाय शिकलो. मंजूर म्हणजे मुळात ‘पाहिलेले’, नजरेखालून गेलेले. मान्य म्हणजे मनाने मानलेले. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले ह्यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव मंजूर केला. १९२७ च्या मार्चमध्ये त्या मंजुरीप्रमाणे लोक पाण्याला हात लावायला गेले तेव्हा डोकी फुटली. त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव मागेही घेतला. पुढे दहा वर्षे खटला चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची रूढी अनादिकालापासूनची आहे हे विरोधकांना सिद्ध करता आलेले नाही. रूढीचा केवढा दरारा! आणि पुरावा मागताच ती कोर्टात उभी राहू शकली नाही. ‘हे पूर्वीपासून असेच चालत आले आहे’ असे कोणी म्हटले, की ‘केव्हापासून?’ एवढे विचारायला काय हरकत आहे?

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. मंजूर झाला, मान्य झाला नाही. मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, नाव आले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे, आणि ह्या घटनेला ‘नामांतर’ न म्हणता ‘नामविस्तार’ म्हटले गेले. तडजोड कधी कधी एका उपसर्गाएवढी असते. तेवढ्यासाठी किती माणसे गेली, हे वाचकांना सांगायला नको.

कारखान्यातही हाच भेद आहे. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने कामगार संघटनेला ‘मान्यता’ मिळण्यासाठी किमान ३० टक्के सभासदत्वाची अट घातली आणि मान्यता देणार कोण, तर औद्योगिक न्यायालय. म्हणजे ‘मान्यताप्राप्त’ संघटना आणि कामगारांना मान्य असलेली संघटना ह्या दोन वेगळ्या असू शकतात. पिंपरी-चिंचवडमध्ये ज्यांनी १९८० नंतरची वर्षे पाहिली, त्यांना ह्याची उदाहरणे मागावी लागत नाहीत.

आता गप्प बसण्याविषयी. ‘मौन हे संमतीचे लक्षण’ असे संस्कृताच्या आधाराने सांगतात. मी हे वर्गात म्हणताच आजी हसल्या. “गप बसलं की हो म्हणत्यात, बोललं की माजलं म्हणत्यात. मग माणसानं करावं तरी काय, सर?” मी हे वाक्य तिथल्या तिथे फळ्यावर लिहिले. होकाराच्या शब्दांचा अर्थ त्यांच्या विरुद्धार्थी शब्दांवरून कळतो. कोशात संमतीच्या उलट असंमती. गावात मात्र महाराने ‘नाही’ म्हटले तर त्याला कोणी ‘असहमत’ म्हणाले नाही. तो माजला, शिरजोर झाला, त्याला मस्ती आली. ज्याच्या नकाराला भाषेने शिवीच ठेवली आहे, त्याच्या होकाराची किंमत काय करायची?

ह्या संदर्भात मला बुद्धाच्या संघाची पद्धत महत्त्वाची वाटते. विनयात मोठ्या निर्णयासाठी प्रस्ताव एकदा मांडून तीन वेळा विचारण्याची रीत आहे. ज्याला पसंत असेल त्याने गप्प राहावे, ज्याला नसेल त्याने बोलावे. म्हणजे इथेही मौन हीच संमती. मग गावच्या मौनात आणि ह्या मौनात फरक कोणता? फरक असा की, तिथे प्रश्न सर्वांना ऐकू जाईल असा, सर्वांच्या समोर, तीनदा विचारला जाई, आणि बोलणाऱ्याला बोलण्याचा हक्क आधीच दिलेला असे. त्या संघात उपाली न्हावी होता, सफाईचे काम करणारा सुनीत होता. जिथे बोलता येते तिथेच गप्प राहणे ही संमती होऊ शकते. आजारपणामुळे जो भिक्षू येऊ शकत नसे, त्याची संमती दुसऱ्यामार्फत आणली जाई. पालीत तिला ‘छंद’ म्हणतात. मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे लाकडी कांड्या, वाटून मतदान होई. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी ह्याच परंपरेची आठवण दिली होती. अर्थात भिक्षुणींना भिक्षूंना दोष दाखवण्याची मुभा त्या नियमांत नव्हती, हेही लिहिले पाहिजे. एका विद्यार्थिनीने ते मला सुनावले आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

होकार एका वेळचा असतो. मुकाट वागणे रोजचे असते. त्याचे शब्द आणखी मजेदार आहेत. ‘मम म्हणणे’ घ्या. पूजेत भटजी सगळे म्हणतो, यजमान शेवटी ‘मम’ म्हणतो. त्यावरून, न समजता दुसऱ्याच्या मागे मान डोलावणे म्हणजे मम म्हणणे. आपल्या आजोबांना तर ते म्हणायलाही कोणी पाटावर बसवले नाही. ‘झील ओढणे’ हा फडावरचा शब्द. झीलकरी मागे उभे राहून सूर धरतात. माझी तक्रार अशी की, तमाशातला झीलकरी हा कसलेला कलावंत असतो, सूर सांभाळणारा. त्याचे नाव लाळघोट्यांना का द्यावे? तेच नंदीबैलाचे. मान डोलावणारा बैल हा त्या भटक्या माणसाच्या पोटाचा धंदा होता. ज्यांच्यापाशी मान हलवण्याखेरीज उपाय नव्हता, त्यांच्या नावाने म्हणी झाल्या. ज्यांनी ढोलके वाजवले त्यांच्या नावाने झाल्या नाहीत.

पण सर्वांत खोल गेलेले क्रियापद ‘पाळणे’. मूळ अर्थ रक्षण करणे. त्यातून : शब्द पाळणे, वेळ पाळणे, नियम पाळणे. त्यातूनच गाय पाळणे, कुत्रा पाळणे. आणि त्यातूनच विटाळ पाळणे, शिवाशिव पाळणे, जात पाळणे. ‘आम्ही आता जात पाळत नाही हो’ हे वाक्य शहरातल्या बैठकीत किती सहज येते! जणू जात ही गोठ्यात बांधलेली होती आणि आता सोडून दिली. नियम पाळणारा चांगला आणि जनावर पाळणारा धनी. दोहोंच्या मध्ये ‘पाळीव’ हा शब्द बसला आहे. आमच्या मुलांना शाळेत ‘शिस्त पाळा’ म्हणतात तेव्हा कोणता अर्थ लागू आहे हे शिक्षकाने स्वतःला विचारावे. मी शिक्षक आहे. मला नेहमीच चांगले उत्तर मिळते असे नाही.

‘जुळवून घे’ हे सासरी निघालेल्या मुलीला सांगतात आणि राखीव जागेवर नोकरीला लागलेल्या मुलालाही. दोघांनाही कोणी सांगत नाही, की समोरच्यालाही जुळवून घ्यावे लागेल. ‘मिटवून टाका’ हे तर आपल्या वस्तीवर हल्ला झाल्यावर तिसऱ्या दिवशी ऐकू येते. मिटवणे म्हणजे डोळे मिटणे, पाटी पुसणे. समेटात दोन बाजू असतात. मिटवण्यात प्रकरणच राहत नाही. ‘बिनविरोध’ हाही असाच शब्द. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या, कारण पदांचा लिलाव झाला होता. लिलाव झाला की विरोध उरत नाही, हे खरेच.

१९८३ पासून ‘समरसता’ हा शब्द सामाजिक चळवळीत पुढे केला गेला, त्याविषयी ह्या पानांच्या वाचकांना माझे मत ठाऊक असेल. शब्द जुना आहे. नाथपंथात, लिंगायत विचारात सामरस्याला मोठा अर्थ आहे, आणि तो शिवाशी एकरूप होण्याचा आहे. पण समाजात समरस व्हायचे म्हणजे कोणाच्या रसात? समतेला दोन माणसे लागतात, दोघेही उभे. पाण्यात मीठ समरस होते ते विरघळून.

इतके शब्द चाळल्यावर मला एकच साधा मराठी शब्द विश्वासाचा वाटला : पटणे. ‘मी पटतो’ असे कोणी म्हणत नाही; ‘मला पटते’ म्हणतो. हुकूम देऊन पटत नाही. सही घेता येते, मान डोलवून घेता येते, पटवून घेता येत नाही. फार तर पटवून देता येते, आणि तेही ऐकणाऱ्याला वाटले तर. केसपुत्तच्या कालामांना बुद्धाने जे सांगितले, की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, त्याचे मराठी एका शब्दात करायचे तर तो हाच.

तो कागद अजून बाकी आहे. चौथ्या रविवारी आम्ही तो मोठ्याने वाचला. एसटीच्या कार्यशाळेत तीस वर्षे काढलेले काका म्हणाले, “सही करायचीच झाली तर खाली आपल्या हाताने लिही : ‘मजकूर मान्य नाही, हरकत राखून सही केली.’ तारीख घाल. आन् मोबाईलवर फोटो काढून ठेव.” त्याने तसे केले. मुकादमाने कागद उलटसुलट करून पाहिला, कोणाला तरी फोन लावला, आणि दुसरा कोरा फॉर्म पुढे ठेवला. त्यावर सहीसाठी फक्त एका अंगठ्याएवढी चौकट होती. लिहायला जागाच नव्हती. त्याने तो घडी घालून खिशात ठेवला आणि रविवारी आमच्याकडे आणला. त्याच्याबरोबर त्याच पाळीतले आणखी दोघे आले होते, आपापले कागद घेऊन.